निवडीचा हिशेब

डिसेंबर १९२७मध्ये केंब्रिजचे जेम्स चॅडविक व्हिएन्नाच्या रेडियम संशोधन संस्थेत गेले, ते काही वर्षे चिघळत आलेल्या एका वादाचा छडा लावायला. अल्फा कणांच्या माऱ्याने कोणकोणत्या मूलद्रव्यांची अणुकेंद्रे फुटतात, याबाबत अर्नेस्ट रदरफर्ड यांची प्रयोगशाळा आणि व्हिएन्नातील हान्स पेटरसन व गेऱ्हार्ड किर्श यांचा गट यांचे आकडे जुळत नव्हते. केंब्रिजला दिसत नव्हती अशी कितीतरी अणुकेंद्रे व्हिएन्नाला फुटताना दिसत होती. मोजण्याची रीत दोन्हीकडे एकच. अंधाऱ्या खोलीत बसून डोळे सरावू द्यायचे आणि झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळला की उठणारी अंधुक ठिणगी सूक्ष्मदर्शकातून टिपायची. व्हिएन्नात हे काम त्यासाठी नेमलेल्या तरुणी करत. चॅडविकांनी मांडणी स्वतःच्या हातात घेतली, कोणत्या फेरीत काय ठेवले आहे हे मोजणाऱ्यांना कळू दिले नाही, आणि जास्तीच्या ठिणग्या नाहीशा झाल्या. त्या मुली खोटे बोलत नव्हत्या. कोणत्या फेरीत किती ठिणग्या अपेक्षित आहेत हे त्यांना ठाऊक असे, आणि दिसते-न दिसते अशा प्रकाशापुढे डोळा अपेक्षेच्या बाजूने झुकतो. प्रकरण दोन्ही प्रयोगशाळांनी आपसातच मिटवले. मात्र डोळ्याने केलेल्या मोजणीवरचा विश्वास त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही.

मूलकणांच्या भौतिकीचा इतिहास सहसा सिद्धांतांचा आणि महाकाय यंत्रांचा म्हणून सांगितला जातो. कणाची खूण विजेच्या ठोक्यात बदलल्यावर तो ठोका ठेवायचा की सोडायचा हे ठरवणारी सर्किटे, आणि ती रचणारी माणसे, या इतिहासात तळटिपेपुरती येतात. मला वाटते, हे पारडे चुकीचे आहे. गेल्या शतकात या शास्त्राने जे पाहिले ते पाहण्याची वेळ सर्किटांनी ठरवली, आणि वेळ ठरवणे म्हणजेच बाकी सगळे सोडून देणे. यावर लगेच कोणी म्हणेल की मग हे निसर्गाचे दर्शन कसले, ही तर आधीच करून ठेवलेली निवड झाली. आक्षेप गंभीर आहे. पण निवड सर्किटांनी आणलेली नाही. ती व्हिएन्नाच्या अंधाऱ्या खोलीतही होती, फक्त तिचा हिशेब कोणाला मांडता येत नव्हता. सर्किटांनी केले ते एवढेच, आणि ते फार मोठे होते, की निवडीचे नियम आकड्यांत लिहिता येऊ लागले. काय सुटले, किती सुटले आणि किती खोटे आत शिरले याची मोजणी करता येऊ लागली.

त्याची सुरुवात बर्लिनमध्ये झाली. नील्स बोर, हेंड्रिक क्रेमर्स आणि जॉन स्लेटर यांनी १९२४मध्ये असे मांडले होते की एकेका अणूच्या पातळीवर ऊर्जा अक्षय्य राहतेच असे नाही; ती फक्त सरासरीने राहते. तसे असेल तर क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतो तेव्हा विखुरलेला किरण आणि उडालेला इलेक्ट्रॉन एकाच क्षणी निघण्याचे कारण उरत नाही. वॉल्टर बोटे आणि हान्स गायगर यांनी दोन काउंटर समोरासमोर ठेवले, दोहोंचे ठोके सरकत्या फिल्मवर शेजारी शेजारी उमटवले आणि जुळणारे ठोके शोधत ती लांबच लांब फिल्म तपासली. १९२५मध्ये उत्तर मिळाले: किरण आणि इलेक्ट्रॉन बरोबरच निघतात. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम प्रत्येक घटनेत पाळला जातो की नाही, हा भौतिकीच्या पायाचा प्रश्न इथे दोन ठोक्यांमधल्या वेळेच्या प्रश्नात उतरला होता. पुढे १९२८मध्ये गायगर-म्यूलर नळी आली आणि बोटे व वेर्नर कोलहोर्स्टर यांनी अशा दोन नळ्या एकीवर एक ठेवून वैश्विक किरणांकडे वळवल्या. रॉबर्ट मिलिकन यांच्या मते हे किरण म्हणजे अतिशय भेदक गॅमा किरण होते. बोटे आणि कोलहोर्स्टर यांनी दोन नळ्यांमध्ये ४.१ सेंटिमीटर जाडीचा सोन्याचा ठोकळा ठेवला, तरी ७६ टक्के वेळा दोन्ही नळ्या एकदम वाजत राहिल्या. गॅमा किरण आपल्या मार्गात दोन्ही नळ्या अशा वाजवू शकत नाही. वाजवणारा विद्युत्भारित कण असला पाहिजे आणि तो सोन्यातून आरपार जात असला पाहिजे.

या प्रयोगाचा १९२९मध्ये छापलेला निबंध फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री टेकडीवर चोवीस वर्षांच्या ब्रूनो रॉसींच्या हाती पडला. तिथल्या भौतिकी संस्थेत पैसा नव्हता, सामान नव्हते. गायगर-म्यूलर नळ्या रॉसींनी स्वतः बनवल्या आणि काही आठवड्यांतच ठोके जुळवणारे स्वतःचे सर्किटही तयार केले. एप्रिल १९३०मध्ये ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची रचना इतकी नेटकी आहे की ती नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक नळीमागे एक ट्रायोड व्हॉल्व्ह. सगळ्या व्हॉल्व्हांचे धन अग्र एकत्र जोडून एकाच रोधामार्फत बॅटरीला लावलेले. एरवी प्रत्येक व्हॉल्व्हमधून प्रवाह वाहतो, म्हणून त्या सामाईक बिंदूवरचा दाब खाली असतो. नळीत ठोका आला की तिच्या व्हॉल्व्हची जाळी ऋण होते आणि त्यातला प्रवाह थांबतो. पण इतरांपैकी एकातूनही प्रवाह चालू असेल तर सामाईक बिंदूवरचा दाब फारसा हलत नाही. सगळे व्हॉल्व्ह एकदम बंद पडले तरच तो एका झटक्यात वर चढतो आणि नोंद होते. संगणकात आज अँड गेट जे काम करते तेच हे काम. बोटेंनीही व्हॉल्व्हचे सर्किट केले होते, पण त्यात दोनच ठोके जुळवता येत. रॉसींच्या सर्किटात तीन, चार, हव्या तितक्या नळ्या जोडता येत होत्या.

तिसऱ्या नळीने काय साधले, हे छोट्या हिशेबाने कळते. समजा, प्रत्येक नळी सेकंदाला ५ ठोके देते आणि सर्किट ०.४ मिलिसेकंदाच्या आत आलेले ठोके एकाच वेळचे मानते. दोनच नळ्या असतील तर एकमेकांशी काही संबंध नसलेले ठोके निव्वळ योगायोगाने तासाला सुमारे ७२ वेळा जुळतील. वैश्विक किरणांचे खरे जुळणारे ठोके या गर्दीत हरवून जाऊ शकतात. तिसरी नळी जोडली की योगायोगाने जुळणाऱ्या ठोक्यांची संख्या पाच तासांत एकावर येते. या हिशेबाला भौतिकीचा कोणताही नवा सिद्धांत लागत नाही. नळीच्या ठोक्यांची गती आणि सर्किटाची वेळ एवढेच लागते. म्हणजे प्रयोग करणाऱ्याला आपली चूक किती असू शकते हे प्रयोगाच्या आधीच ठाऊक होते आणि ती किती कमी करायची हे सर्किट रचतानाच ठरवता येत होते. व्हिएन्नाच्या मोजणाऱ्या मुलींना असे कोणतेही साधन हाताशी नव्हते. माझ्या मते या शास्त्राची खरी कलाटणी इथे आहे. नळीची संवेदनशीलता वाढली हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे फसगतीचे प्रमाण मोजता येऊ लागले.

आता तो आक्षेप पुन्हा घेऊ: सर्किटाला जे विचारले तेच ते सांगणार, मग अनपेक्षित काही कसे सापडेल? रॉसींचाच पुढचा प्रयोग याचे उत्तर देतो. त्यांनी तीन नळ्या एका रेषेत न ठेवता त्रिकोणात मांडल्या. सरळ जाणारा एक कण या तिन्हींतून जाऊच शकत नाही. त्यामुळे जुळणारे ठोके जवळजवळ शून्यावर यायला हवे होते. पण नळ्यांवर शिसे ठेवल्यावर ते भरपूर येऊ लागले. शिशातून एका वेळी अनेक कण बाहेर पडत होते. निष्कर्ष इतका अविश्वसनीय वाटला की ज्या नियतकालिकाकडे निबंध प्रथम पाठवला त्याने तो नाकारला. वेर्नर हायझेनबर्ग यांनी रॉसींची ग्वाही दिल्यावर तो दुसरीकडे छापून आला. शिशाची जाडी वाढवत नेली तर कणांच्या या वर्षावांची संख्या आधी चढते आणि दीड-दोन सेंटिमीटरनंतर उतरू लागते, हेही रॉसींनी मोजले. त्या चढ-उताराचे स्पष्टीकरण मिळायला १९३७ साल उजाडले. केंब्रिजमध्ये शिकलेल्या होमी भाभा यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत दाखवले की वेगवान इलेक्ट्रॉन प्रकाशकण सोडतो, प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते, ती जोडी पुन्हा प्रकाशकण सोडते, आणि ऊर्जा संपेपर्यंत ही मालिका वाढत जाते. सर्किटाने विचारलेला प्रश्न ‘या तीन नळ्या एकदम वाजतात का’ एवढाच होता. ‘वाजू नयेत’ ही अपेक्षा माणसाची होती. प्रश्न इतका नेमका असल्यामुळेच अपेक्षा चुकली हे निर्विवाद कळले. ढोबळपणे गोळा केलेल्या नोंदींत हेच कण आधीही आले असतील, पण त्यांचे वेगळेपण उठून दिसले नव्हते.

रॉसींचे विद्यार्थी ज्युसेप्पे ओक्यालिनी १९३१मध्ये तीन महिन्यांसाठी केंब्रिजला गेले आणि तीन वर्षे राहिले. तिथे पॅट्रिक ब्लॅकेट मेघकक्षावर काम करत होते. मेघकक्षात हवा एकदम प्रसरण पावली की कणाच्या वाटेवर पाण्याचे थेंब जमतात आणि तिचे छायाचित्र घेता येते. पण वैश्विक किरण केव्हा येणार हे कोणाला माहीत नसे, म्हणून आंधळेपणाने छायाचित्रे काढत राहायचे आणि बहुतेक कोरी निघायची. ब्लॅकेट आणि ओक्यालिनी यांनी कक्षाच्या वर आणि खाली एकेक गायगर नळी ठेवली, दोन्ही एकदम वाजल्या की सर्किटानेच कक्षाचे प्रसरण घडवावे अशी योजना केली. कण तोवर केव्हाच निघून गेलेला असे, परंतु त्याने मागे ठेवलेले आयन सेकंदाच्या शतांश भागापर्यंत जागेवरच असत आणि तेवढा अवकाश पुरे होता. १९३२च्या उन्हाळ्यापासून दर चारपैकी सुमारे तीन छायाचित्रांत कणाची वाट सापडू लागली. कणाने स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढून घ्यावे, अशी ही व्यवस्था होती.

इथे विरोधी पुरावा लपवून चालणार नाही. पॉझिट्रॉन प्रथम सापडला तो कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन यांना, २ ऑगस्ट १९३२ रोजी, आणि त्यांच्या मेघकक्षाला असे कोणतेही सर्किट नव्हते. आंधळेपणाने काढलेल्या १,३०० छायाचित्रांमधून त्यांनी १५ धन कण वेचले. मग सर्किटाची गरज काय होती? गरज त्यापुढच्या प्रश्नासाठी होती. हा धन कण कुठून येतो, एकटा येतो की सोबतीने, हे पंधरा सुट्या वाटांवरून सांगता येत नव्हते. फेब्रुवारी १९३३मध्ये ब्लॅकेट-ओक्यालिनींनी प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांत एकाच बिंदूतून फुटणाऱ्या अनेक वाटा होत्या. चुंबकक्षेत्रात काही एका बाजूला वळलेल्या, काही दुसऱ्या, आणि दोन्ही जवळपास सारख्याच संख्येने. पॉल डिरॅक यांच्या समीकरणातून निघणारा अर्थ, की ऊर्जेतून इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण जोडीनेच जन्मतात, त्या वाटांनी डोळ्यांपुढे आणला. अशी छायाचित्रे एवढ्या संख्येने हाती आली ती सर्किटामुळे. ब्लॅकेटना १९४८मध्ये आणि बोटेंना १९५४मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बोटेंच्या मानपत्रात ठोके जुळवण्याच्या पद्धतीचा उल्लेख आहे. रॉसींना ते मिळाले नाही. १९३८मध्ये फॅसिस्ट राजवटीच्या वंशविषयक कायद्यांनी पादुआची प्राध्यापकी त्यांच्याकडून काढून घेतली आणि ते देश सोडून गेले.

सर्किटाने काहीही न ऐकणे हाही निष्कर्ष असतो, हे भारतातल्या एका खाणीत सिद्ध झाले. भाभांनी १९४५मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बी. व्ही. श्रीकंठन १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरून वैश्विक किरणांतले भेदक कण, म्यूऑन, गायगर नळ्यांनी मोजू लागले. पुढे त्यांनी एमआयटीत रॉसींच्या गटातही काम केले. खोली वाढवत नेली तसे म्यूऑन कमी होत गेले, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच किलोमीटरहून खोल जागी सुमारे दोन महिने मोजूनही एकही म्यूऑन आला नाही. शून्य या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर यंत्र चालू आहे आणि खरा कण आला असता तर त्याने पकडलाच असता, हे माहीत असावे लागते. ते माहीत होते म्हणूनच या शून्याला किंमत आली. एवढ्या शांत जागी वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंनी खडकात निर्माण केलेले म्यूऑन ऐकू येतील, हे उघड झाले. एम. जी. के. मेनन आणि श्रीकंठन, ओसाकाचे साबुरो मियाके, डरॅमचे आर्नल्ड वुल्फेंडेल यांच्या गटांनी सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर यंत्र उभारले. वरून येणारे उरलेसुरले म्यूऑन बहुतेक उभे येतात, कारण आडव्या वाटेने त्यांना कित्येक पट जास्त खडक भेदावा लागतो. म्हणून प्लास्टिक सिंटिलेटरच्या भिंती समोरासमोर उभ्या केल्या आणि त्यांच्या मध्ये निऑनच्या नळ्यांच्या रांगा लावल्या. दोन्ही भिंतींतून एकदम ठोका आला की त्या नळ्यांवर उच्च दाबाचा विद्युत्झोत सोडायचा. कण ज्या नळ्यांतून गेला त्या उजळतात आणि त्यांचे छायाचित्र निघते. भिंतींची दिशा आणि ठोके जुळवण्याची अट मिळून यंत्र आडव्या कणांपुरतेच जागे राहत होते. ऑगस्ट १९६५मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट रँड खाणीत फ्रेडरिक रेनेस यांच्या गटाने तेच काम स्वतंत्रपणे केले होते आणि त्यांचाही निबंध त्याच महिन्यात आला. वातावरणातील न्यूट्रिनो माणसाला प्रथम सापडले ते या दोन खाणींत. मुंबईच्या संस्थेची ही कामगिरी महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत आहे, याचे मला वाईट वाटते.

छायाचित्राच्या बाजूने बोलणारे बबल चेंबरकडे बोट दाखवतील. डोनाल्ड ग्लेसर यांनी १९५२मध्ये शोधलेल्या या कक्षाला सर्किटाने जागे करता येतच नाही. कण येण्याआधीच त्यातला द्रव प्रसरण पावलेला असावा लागतो, म्हणून प्रवेगकाच्या प्रत्येक झोताबरोबर छायाचित्र काढायचे आणि समोर येईल ते सगळे ठेवायचे. इथे तरी निवड नाही, असे वाटते. निवड होतीच, फक्त ती छायाचित्र काढल्यानंतर, ते टेबलावर पसरून तपासणाऱ्यांकडे गेली. कोणत्या आकाराच्या घटना टिपायच्या याच्या लेखी सूचना त्यांना दिल्या जात. तपासणारा किती घटना चुकवतो हे कळण्यासाठी तीच फिल्म दोघांकडून स्वतंत्रपणे तपासून घेत आणि दोघांच्या याद्या ताडून दोघांनीही चुकवलेल्यांचा अंदाज बांधत. म्हणजे चित्राची परंपरासुद्धा शेवटी हिशेबाकडेच आली. पण हा हिशेब फिल्मच्या गतीने चालत होता, आणि दुर्मीळ घटनांसाठी ती गती तोकडी होती. १९६८मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत जॉर्ज शार्पाक यांनी अनेक तारांचा प्रपोर्शनल चेंबर केला. जवळजवळ ताणलेली प्रत्येक तार स्वतःच्या अॅम्प्लिफायरला जोडलेली, म्हणजे प्रत्येक तार हा एक स्वतंत्र शोधक. कल्पना तारांची असली तरी ती हजारो तारांपर्यंत वाढवणे शक्य झाले ते ट्रान्झिस्टर स्वस्त आणि छोटे झाल्यामुळे. व्हॉल्व्हच्या काळात एवढे अॅम्प्लिफायर कोणत्याही प्रयोगशाळेला परवडले नसते.

सर्किटांच्या निवडीने खरोखर काही हुकले आहे का? हुकले आहे, आणि ते मोठे होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्नच्या आयएसआर या यंत्रात प्रोटॉन प्रोटॉनवर आदळत होते. झोताला काटकोनात फेकल्या जाणाऱ्या जोरकस पायॉनांची संख्या तिथे कोणाच्याही कल्पनेपेक्षा खूप जास्त निघाली. हा स्वतःच महत्त्वाचा शोध होता. प्रोटॉनच्या आत कठीण दाणे आहेत याची ती खूण होती. पण या पायॉनांच्या लोंढ्याने नोंदणी तुंबू नये म्हणून एका प्रयोगात इलेक्ट्रॉनसाठी ऊर्जेचा उंबरठा दीड जीईव्हीच्या आसपास चढवावा लागला. नोव्हेंबर १९७४मध्ये अमेरिकेत सॅम्युअल टिंग आणि बर्टन रिक्टर यांच्या गटांनी ३.१ जीईव्ही वस्तुमानाचा जे-साय कण जाहीर केला. तो मोडून निघणाऱ्या इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनला प्रत्येकी साधारण दीड जीईव्हीच ऊर्जा मिळते. आयएसआरमध्ये हे कण तयार होत होते आणि उंबरठ्याच्या अलीकडे पडून जात होते. सर्किटविरोधी बाजूला याहून ठोस पुरावा मिळणार नाही. तरीही पाहा: काय हुकले, का हुकले, कोणत्या आकड्यामुळे हुकले हे आज नेमके सांगता येते, कारण तो उंबरठा नोंदीत आहे. सगळेच ठेवले असते तर हुकले नसते, हेही म्हणता येत नाही. सगळे ठेवणे शक्य नव्हते म्हणून तर उंबरठा आला. पायॉन आणि इलेक्ट्रॉन अधिक चांगले वेगळे करणारा शोधक आणि त्याला साजेसे सर्किट, हाच यावरचा उपाय होता.

हीच अडचण लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये पराकोटीला गेली. तिथे प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ४ कोटी वेळा, एकमेकांतून जातात. तेवढ्या वेळात प्रकाश साडेसात मीटर जातो आणि सीएमएस हा शोधक २१ मीटर लांब आहे. आधीच्या टकरीतले कण बाहेर पडण्यापूर्वीच पुढची टक्कर होते. सगळे साठवणे अशक्य, म्हणून पहिल्या पायरीवर खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ४ कोटींतून जास्तीत जास्त १ लाख टकरी ठेवते आणि पुढे संगणकांचा ताफा त्यांतून काही हजार. पहिल्या निर्णयाला सुमारे ४ मायक्रोसेकंद मिळतात आणि त्यातला बराच वेळ केबलमधून जाण्या-येण्यातच संपतो. तोवर कणांच्या वाटा टिपणाऱ्या प्रत्येक सिलिकॉन पट्टीचा ठोका जागच्या जागी जपून ठेवावा लागतो. सीएमएससाठी लंडनचे इंपीरियल कॉलेज आणि रदरफर्ड अॅपलटन प्रयोगशाळा यांनी केलेल्या एपीव्ही-२५ या चिपमध्ये १२८ वाहिन्या आहेत आणि प्रत्येकीमागे १९२ घरे. दर २५ नॅनोसेकंदांनी नवा ठोका पुढच्या घरात जातो आणि निर्णय आला की योग्य त्या घरातला उचलला जातो. अशा ७०,०००हून अधिक चिप टकरींच्या बिंदूभोवती, जिथे किरणोत्साराने साधी चिप थोड्या काळात निकामी होईल अशा जागी बसवल्या. त्यासाठी लष्करी आणि अवकाश कामांची, किरणोत्सार सोसणारी महागडी निर्मितिप्रक्रियाच लागेल असे आधी धरले होते. मग लक्षात आले की पाव मायक्रॉनच्या बाजारी प्रक्रियेत ट्रान्झिस्टरचा ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो की किरणोत्साराने अडकलेला भार त्यातून निसटून जातो. उरलेली गळती ट्रान्झिस्टरचा आकार वलयासारखा आखून बंद करता येते. सर्नच्या मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स गटाने ही वाट पक्की केली. ती सापडली नसती तर निर्णयापर्यंत ठोका जपणारी जागाच उरली नसती. अभियंते केवळ भौतिकशास्त्रज्ञांची मागणी पुरी करतात, असे मानणाऱ्यांनी हा क्रम पाहावा: ऑक्साइडची जाडी, मग चिपमधली घरे, मग मिळणारे मायक्रोसेकंद आणि त्यांतून काय विचारता येईल त्याची सीमा. २०१२मध्ये जाहीर झालेला हिग्ज बोसॉन या सीमेच्या आतच सापडला. या कामात भारताचाही हात आहे: सीएमएसच्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटरचे सिंटिलेटर मुंबईच्या टाटा संस्थेने केले. त्याच कोलायडरवरच्या अॅलिस प्रयोगाच्या म्यूऑन कक्षांसाठीची मानस चिप कोलकात्याच्या साहा संस्थेत आखली गेली आणि तिचे उत्पादन सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये झाले.

निवडीवरचा संशय या यंत्रांनी आपल्या रचनेतच सामावून घेतला आहे. उंबरठ्याखालच्या टकरींतला ठरावीक हिस्सा मुद्दाम ठेवला जातो, आणि काही टकरी कोणतीही अट न लावता केवळ घड्याळाच्या ठोक्यावर उचलल्या जातात. त्यांवरून प्रत्येक अट किती खऱ्या घटना गमावते हे मोजतात. २०२२पासून याच कोलायडरवरच्या एलएचसीबी प्रयोगाने पहिल्या पायरीवरची सर्किटे काढून टाकली आणि प्रत्येक टक्कर संगणकांपर्यंत नेऊन तिथे ग्राफिक्स प्रोसेसरांकरवी निवड सुरू केली. निर्णय सर्किटातून प्रोग्रॅममध्ये गेला. निर्णय टळला नाही. सीएमएसने २०२४मध्ये उलट वाट धरली. पहिल्या पायरीवरच्या एफपीजीए, म्हणजे रचना पुन्हा बदलता येणाऱ्या, चिपमध्ये एक न्यूरल नेटवर्क बसवले, जे कोणत्याही विशिष्ट कणाचा शोध न घेता नेहमीपेक्षा वेगळी वाटणारी टक्कर नॅनोसेकंदांत ओळखून ठेवते. ‘अपेक्षित तेवढेच सापडेल’ या जुन्या आक्षेपाला दिलेले हे आजवरचे सर्वांत थेट उत्तर आहे. पण त्यातून नवा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या म्हणण्याला तो जास्त बोचणारा आहे: रॉसींच्या सर्किटाची अट एका वाक्यात सांगता येत होती, या नेटवर्कची अट तशी सांगता येत नाही. हिशेब ठेवण्याचा मार्ग मात्र अजून खुला आहे. नेटवर्कला शिकवले जाते ते कोणतीही अट न लावता उचललेल्या टकरींवर. किती वेगळेपणाला टक्कर ठेवायची हा उंबरठाही त्याच टकरी वापरून, सेकंदाला किती नोंदी परवडतात ते पाहून ठरवला जातो. यंत्रातली टकरींची गर्दी बदलली की तो नमुना पुन्हा घ्यावा लागतो आणि नेटवर्कला नव्याने शिकवावे लागते.